मेलेलं आणि मारलेलं

गेल्या पावसाळ्यात कर्जतला आपल्या पोरांचं एक दिवसाचं शिबिर झालं. इतिहास झाला, घटना झाली, शिष्यवृत्तीचं झालं. शेवटच्या तासाला मागच्या रांगेतला एक पोरगा उठला आणि म्हणाला, "काका, आपण धम्म घेतला. मग मटण खायचं का नाय? आणि खायचं तर कुठलं?" सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, "आधी जेवून घेऊ, मग बोलू." जेवून जो तो गाडी पकडायला पळाला. प्रश्न तिथंच राहिला.

घरी आल्यावर ध्यानात आलं, की मी तो मुद्दाम टाळला. उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. खरं उत्तर द्यायचं तर पन्नास वर्षांपूर्वीची माझी एक लबाडी सांगावी लागली असती. पोरांच्या तोंडावर ती सांगायला जीभ रेटली नाही. म्हणून लिहितो.

माझा आजा उल्हास नदीच्या काठच्या एका गावचा महार. वतनदार म्हणायचं, पण वतन कसलं? गावाचा निरोप पोचवायचा, सरकारी माणसाचं ओझं वाहायचं, मेलेलं ढोर ओढायचं. त्या ढोराचं मांस हीच मजुरी. १९२७ सालच्या मार्चमध्ये, १९ आणि २० तारखेला, महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आपल्या जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, रायगड ते १९८१ साली झालं. आजा त्या परिषदेला गेला होता. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळंउष्टं मागणं सोडा, माणसासारखे राहा, हे बाबासाहेबांनी तिथं सांगितलं. मग लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पाण्याची गोष्ट शाळेच्या पुस्तकात आली. मटणाची गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकतात. आमच्या घरात मात्र ती मोठी होती. तळ्याचं पाणी एकदा प्यायचं होतं, मटण रोज सोडायचं होतं.

आजानं परत येऊन पाटलाला सांगितलं, यापुढं ढोर ओढणार नाही. गावानं जे करायचं ते केलं. काम बंद, वाट बंद, दुकानात मीठ मिळेना. दोन पावसाळे आमच्या घरानं रानातल्या कंदांवर आणि ओहोळातल्या खेकड्यांवर काढले. आजा वाकला नाही. पण एक गोष्ट त्यानं केली नाही. ज्या सुऱ्यानं तो ढोरं फाडायचा तो सुरा त्यानं टाकला नाही. वाड्यातली माणसं म्हणाली, नदीत टाक ते पाप. आजा म्हणाला, "सुऱ्यानं काय गुन्हा केला? हुकूम त्यांचा व्हता, सुरा माझा हाय." त्यानं तो घासला, नवी मूठ बसवली आणि आढ्याला खोचून ठेवला.

मी दहाएक वर्षांचा असताना, म्हणजे १९६२ च्या सुमाराला, तो सुरा मी चालताना पाहिला. डोंगराकडच्या काथोड्यांशी आजाचं बसणंउठणं होतं. आमच्या वाड्यातली माणसं काथोड्याच्या हातचं पाणी पीत नसत. आजा प्यायचा. भाताचं पीक उभं असताना रानडुकरांनी धुमाकूळ घातला, की काथोड्यांचा हाका निघायचा आणि आजा हाकाऱ्यांत जायचा. एकदा मला घेऊन गेला. कुत्र्यांनी डुक्कर ओढ्यात अडवलं, भाल्यानं पडलं. मी भ्यालो होतो. आजानं माझा हात धरून मला जवळ नेलं आणि म्हणाला, "आता बघ. मारनं सोपं असतं. खाण्याजोगं ठेवनं, त्याला डोकं लागतं."

तिथं जे शिकलो ते सांगतो. कुणी शिकार करावी म्हणून सांगत नाही. पुढचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे, म्हणून सांगतो.

जनावर पडलं की पहिलं काम रक्त काढायचं. तोंड उताराकडं करून, गळ्याच्या खळग्यात सुरा घालून, सगळं रक्त वाहू द्यायचं. काळीज धडधडत असतं तोवरच रक्त नीट निघतं. मग नराच्या गोट्या काढून टाकायच्या, कारण त्या अंगावर राहिल्या तर मटणाला उग्र वास धरतो. मग पोट. सुऱ्याची धार वर, पाठ आत, दोन बोटं आतून पुढं सरकवत नेमकं कातडंच चिरायचं. आतडं फुटता कामा नये, मुताची पिशवी फुटता कामा नये, काळजाला चिकटलेलं पित्त फुटता कामा नये. गुदाच्या भोवती कापून दोरीनं गाठ मारायची, मग आतडी एकसलग बाहेर येतात. काळीज हातात घेऊन बघायचं. एकरंगी आणि गुळगुळीत असेल तर बरं. पांढरे ठिपके, गाठी दिसल्या तर सगळंच पुरायचं.

यानंतरचं काम माणसं विसरतात, ते म्हणजे गार करणं. मेलेल्या अंगात तासन्‌तास ऊब राहते आणि आपल्या कोकणच्या दमट हवेत ती ऊबच नासवते. पोट उघडून मध्ये आडवी काठी लावायची म्हणजे वारा खेळतो. सावलीत, फांदीला टांगायचं. पाणी लावायचं नाही. सुक्या गवतानं, पानानं पुसायचं. ओलं झालं की बुळबुळीत होतं. माश्या बसू नयेत म्हणून खाली ओल्या पाल्याचा धूर करायचा. गार झाल्यावरच सागाच्या नाहीतर पळसाच्या पानांत बांधायचं. गरम बांधलं की आंबतं, आणि आंबायला सुरुवात होते मांडीच्या हाडापाशी, जिथं मांस सगळ्यात जाड असतं. डुकराचे केस पेंढ्याच्या जाळावर भाजून कोयत्यानं खरवडतात. शिजवायचं ते आतपर्यंत, कच्चं ठेवायचं नाही, कारण डुकराच्या मांसात जंत असतात.

मग वाटे. ज्याच्या भाल्यानं पडलं त्याचा, हाकाऱ्यांचा, कुत्र्यांचासुद्धा. आजाच्या वाट्याला आलं ते पळसाच्या पानात. आजी आधी कुरकुरली, मग वास घेतला आणि चूल पेटवली.

आता मेलेल्या ढोराचं बघा. आजा सांगायचा ते आणि पुढं मी शिकलो ते, दोन्ही जुळतं. ढोर गोठ्यात रात्री मरायचं. मालक सकाळी उठणार, तोंड धुणार, मग निरोप धाडणार. निरोप येईपर्यंत महारानं हात लावायचा नाही. मालकाच्या सवडीनं चार तास, आठ तास गेलेले. काळीज थांबलेलं, त्यामुळं रक्त निघायची सोयच नाही. ज्या कुशीवर पडलं ती कूस काळीनिळी. पोट फुगलेलं, आतड्यातली घाण मांसात शिरायला लागलेली. शिवाय ढोर मेलं कशानं, हे विचारायचा अधिकार कुणाला होता? घटसर्पानं, फऱ्यानं, की काळपुळीनं? काळपुळी जनावराकडून माणसाला होते. फाडणाऱ्याच्या हातावर काळा फोड उठतो आणि उपचार झाला नाही तर माणूस मरू शकतो. आपल्या बायांनी असल्या मांसाचे उभे पट्टे काढून उन्हात वाळवले, घाटावर त्यांना चान्या म्हणतात. वाळवलं की टिकतं आणि भुकेच्या दिवसांत उपयोगी पडतं. तीही विद्याच होती. पण कसली विद्या? दुसऱ्यानं नासू दिलेलं आपल्या लेकरांच्या पोटात जाण्याजोगं करायची विद्या.

आता दोन्ही शेजारी ठेवा. आजाचा सुरा तोच, हात तोच, जनावर कापायची रीतही बरीचशी तीच. फरक कशात आहे? वेळेत. जनावर पडल्यापासून सुरा चालेपर्यंतचा वेळ कुणाच्या ताब्यात होता, एवढाच फरक. रानात तो आजाच्या ताब्यात होता आणि गोठ्यात मालकाच्या. मांस ताजं असतं किंवा नासकं असतं. पवित्र आणि अपवित्र हे शब्द मागाहून चिकटवलेले. आधी आपल्याला नासकं खायला लावलं आणि मग नासकं खातात म्हणून लांब उभं केलं. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेच्या मुळाशी गोमांस कसं आलं याचा शोध घेतला. तो सिद्धांत तुम्ही वाचलाच असेल. मी सांगतोय ती त्याच्या पोटातली लहान, रोजची गोष्ट. घड्याळ कुणाच्या हातात होतं, ही.

म्हणून मला वाटतं, महाडचा आदेश हा ताटाचा आदेश नव्हता. हे मांस वाईट, ते चांगलं, असं सोवळं शिकवायला बाबासाहेब आले नव्हते. दुसऱ्याच्या सवडीवर जगणं सोडा, असा तो आदेश होता. त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं ते याच कारणानं. मांस सोडलं आणि वतन राहिलं, तर उद्या दुसरं काही गळ्यात पडणारच. ती कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं.

इथवर माझं डोकं साफ आहे. आता लबाडी.

१९७४ साल. मी बावीस वर्षांचा. मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली होती आणि आम्ही कर्जत-खालापूरची पोरं त्या वाऱ्यानं पेटलो होतो. चौकच्या पुढं, इर्शाळगडाच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी एक काथोडवाडी होती. तिथली माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. उचल घेतलेली, ती कधी फिटायची नाही. आम्ही त्यांची यादी करून अर्ज द्यायला गेलो होतो. माझ्याबरोबर मुंबईचे दोन मित्र होते. शिकलेले, भाषण करणारे. मला त्यांचं फार अप्रूप होतं.

दुपार झाली. एक म्हातारबाबा होते, त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं. पान वाढलं. तांदळाची भाकर आणि मटणाचा रस्सा. वास आला आणि मला कळलं, रानडुक्कर. पेंढ्यावर भाजलेल्या कातड्याचा तो वास विसरता येत नाही. मित्रांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत किळस होती आणि मला भीती वाटली, की मी जर हात घातला तर हे म्हणतील, हा अजून महारकीतच आहे. मी पान पुढं सारलं आणि मोठ्यानं म्हणालो, "बाबा, आम्ही बाबासाहेबांची माणसं. असलं आम्ही सोडलंय."

म्हातारबाबा जरा गोंधळले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "दादा, ह्ये मेलेलं नाय. मारलेलं हाय. सकाळचंच. रगत काढलंय."

मला ते माहीत होतं. रश्श्याच्या तुकड्यात ते दिसत होतं. रक्त काढलेल्या मांसाचा रंग वेगळा असतो आणि तो रंग ओळखायला मला आजानं शिकवलं होतं. त्या पानाशी बसलेल्या चौघांत मेलेलं आणि मारलेलं यातला फरक दोघांनाच कळत होता, त्यांना आणि मला. तरी मी म्हणालो, "कसंही असो. नको."

ते काही बोलले नाहीत. पानातलं मटण पोरांना वाटलं आणि आम्हाला भाकरीबरोबर मिरचीमीठ दिलं. आम्ही ते खाल्लं. नंतर त्याच अंगणात बसून मी समतेवर अर्धा तास बोललो. अंगठे घेतले. जयभीम म्हणालो. बाबासाहेबांचं नाव घेऊन मी त्या दिवशी त्या माणसाला तेच केलं, जे गावानं आजाला केलं होतं. त्याच्या अन्नावरून त्याला खाली बसवलं.

मित्रांनो, ही माझ्या एकट्याची गोष्ट असती तर मी कागद वाया घालवला नसता. आपल्या चळवळीत हे आजही होतं. आपण जे सोडलं ते दोन प्रकारे सोडता येतं. एक, स्वाभिमानानं: मी हुकमाचा बंदा नाही म्हणून सोडतो. दुसरं, किळसेनं: ते घाण आहे म्हणून सोडतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पण पहिल्या सोडण्यात मालक खाली येतो. दुसऱ्या सोडण्यात मालक आहे तिथंच राहतो, आपण एक पायरी वर चढतो आणि खालच्या पायरीवर दुसरं कुणी लागतं. ते दुसरं कुणी तयारच असतं. काथोड्यांतसुद्धा जुन्या नोंदींत सोन काथोडी आणि ढोर काथोडी असे भेद सापडतात. ढोर ते, जे गाईचं मांस खातात. सोन ते, जे खात नाहीत. बघा, रानात, कुडाच्या झोपडीतसुद्धा शिडी पोचली आणि तिच्या पायऱ्या मटणाच्या. बाबासाहेब ज्याला पायऱ्यापायऱ्यांची विषमता म्हणत ती हीच. प्रत्येकाला कुणीतरी खाली मिळतो, म्हणून शिडी कुणी मोडत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण धम्माचं काय? प्राणिमात्रांवर दया करीन अशी प्रतिज्ञा आपण घेतली आहे. मग रानडुकराची बाजू कशाला मांडता?

प्रश्न रास्त आहे. मारणं ही चांगली गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. बुद्धानं उपासकाला जे धंदे करू नका म्हणून सांगितले त्यांत मांसाचा धंदा आहे, शस्त्रांचा, विषाचा, दारूचा आणि जिवांचाही आहे. पण भिक्खूनं भिक्षेत आलेलं मांस खावं का, यावर जीवक सुत्तात बुद्धाचं उत्तर सरळ आहे. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नसेल, ऐकलं नसेल, तशी शंका नसेल, तर चालेल. म्हणजे कसोटी मांसाची नाही, आपल्यामुळं काय घडलं त्याची आहे. १९५७ साली बाबासाहेबांच्या मागं प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' मध्ये ते मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात. नुसत्या हौसेनं, इच्छेनं मारणं बुद्धानं निषिद्ध मानलं, असं ते मांडतात. काथोड्याचं उभं भात रानडुकरं एका रात्रीत लोळवतात. त्याच्या घरात वर्षाला किती दिवस कालवण असतं ते जाऊन बघा आणि मग त्याची गरज होती की इच्छा ते ठरवा.

आणि चुंदाची गोष्ट आठवा. पावा गावचा चुंद, जातीनं लोहार. त्यानं बुद्धाला जेवू घातलं, त्यात सूकरमद्दव होतं. ते डुकराचं मांस होतं की डुकरं उकरून खातात तसला कंद किंवा अळंबी, यावर जुने भाष्यकारही एकमत नाहीत. बुद्धानं ते खाल्लं आणि दुखणं वाढलं. ते शेवटचं जेवण ठरलं. तशाही अवस्थेत त्यानं आनंदाला सांगितलं, की चुंदाच्या मनाला टोचणी लागू देऊ नका, त्याला कुणी दोष देऊ नये. मरणाऱ्या माणसाला शेवटी काळजी कशाची, तर वाढणाऱ्याची मान खाली जाऊ नये याची. मी तर धडधाकट होतो. मला साधा पोटशूळसुद्धा होणार नव्हता. आणि मी वाढणाऱ्याची मान खाली घातली.

आता आजचं बोलू, कारण १९६२ चं रान आज नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, पँथरच्याच सालचा. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरची शिकारही गेली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींचे रानावरचे पुष्कळ हक्क मान्य केले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्ट वगळला. पीक नासवणारं जनावर मारायची परवानगी वनखातं देऊ शकतं, पण ती कागदाची वाट आहे आणि काथोड्याला कागदाची सवय नाही. मी कुणालाही रानात भाला घेऊन जा म्हणणार नाही. जंगल उरलंय किती? डोंगर पोखरून बंगले झाले, ओढे अडले. जनावरांनाही जगायला जागा हवी.

पण त्या १९७२ च्या कायद्यातलं कलम ३९ वाचा. शिकार झालेलं किंवा मेलेलं सापडलेलं वन्यजनावर ही सरकारची मालमत्ता. मी ते वाचलं तेव्हा आजा आठवला. गावात ढोर मेलं की ते महाराच्या माथी होतं. रानात डुक्कर मेलं की ते सरकारचं आहे. ओझं असेल तेव्हा आपलं, माल असेल तेव्हा त्यांचा. कायद्याचा हेतू जनावरं वाचवायचा आहे, तो मला मान्य आहे. पण कायदा तोलायचा तर तो कुणाच्या घरावर पडतो तेही बघायला हवं. २०१५ साली महाराष्ट्रानं गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी घातली. आपण लगेच रस्त्यावर आलो, आलोच पाहिजे होतं. २०१६ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयानं त्यातली परराज्यातलं मांस जवळ बाळगण्यावरची बंदी रद्द केली. त्याच साली जुलैत गुजरातेत उना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना बांधून मारलं. मग तिथल्या माणसांनी मेलेली ढोरं सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. सांभाळा तुमचं तुम्ही. ते बघून मला १९२७ चा आजा दिसला. त्या माणसांनी कातडं काढायची विद्या विसरली नव्हती. वेळ आपल्या हातात घेतली होती.

आणि आता आपल्या दारातलं. कर्जत-खालापूरभर फार्महाऊसं झाली आहेत. शनिवार-रविवारी मोटारी येतात. "जंगली काही मिळेल का?" असं विचारताना मी स्वतः ऐकलं आहे. विचारणाऱ्याच्या हातात नोटा असतात, आणि ज्याला विचारलं त्याच्या डोक्यावर उचल असते. तो नाही म्हणू शकत नाही. धरला गेला तर तुरुंगात तो जाणार, मोटार पुण्या-मुंबईला परत जाणार. पन्नास वर्षांपूर्वी काथोडवाडीत मला वाढलेलं मटण आणि ते फार्महाऊसच्या टेबलावरचं मटण. समजा, डुक्कर तेच, सुरा तोच, रक्त तसंच नीट काढलेलं. कायद्याच्या लेखी दोन्ही गुन्हाच. पण माझ्या लेखी पहिलं स्वच्छ होतं आणि दुसरं नासकं आहे, कितीही ताजं असलं तरी. कारण ते दुसऱ्याच्या हुकमानं आणि दुसऱ्याच्या सवडीनं आलं. मेलेल्या ढोराचीच ती नवी तऱ्हा आहे. फक्त आता नासकं खाणारा वर बसलाय आणि त्याला ते कळत नाही.

तेव्हा, त्या मागच्या रांगेतल्या पोरा, तुझं उत्तर देतो. खा की नको खाऊ, ते तुझं तू ठरव. दया वाटून सोडलंस तर चांगलंच आहे. पण सोडताना किळस वाटत असेल, तर ती किळस तुला कुणी शिकवली ते आधी शोध. आणि खाताना, घालताना, घेताना, मटणच नव्हे तर काहीही, दोन गोष्टी विचारत जा. हे कुणाच्या हुकमानं ताटात आलं? आणि ज्यानं दिलं तो नाही म्हणू शकला असता का? गटारात उतरणाऱ्या आपल्या भावाबद्दल हेच विचार. माणसाकडून मैला साफ करून घेण्यावर १९९३ साली कायदा आला, २०१३ साली दुसरा आला, तरी माणसं उतरतात आणि मरतात. त्यांना कामाची अक्कल नाही म्हणून नव्हे. नाही म्हणायची सोय नाही म्हणून.

आणि हातातल्या विद्येची लाज बाळगू नकोस. मी बाळगली. आजाचा सुरा कुठं गेला ते आज मला सांगता येत नाही. घर बदललं तेव्हा भंगारात गेला असेल. आमच्या पोरांना कोंबडीसुद्धा कापता येत नाही आणि त्याला ते सुधारणा म्हणतात. गुलामी सोडायची तर हात सोडावे लागत नाहीत.

काही वर्षांनी मी त्या वाडीवर परत गेलो होतो. माफी मागायची असं वाटेत ठरवलं होतं. बाबा गेले होते, त्यालाही दोन पावसाळे झाले होते. त्यांची सून होती. तिनं मला ओळखलं नाही. अर्जाचं काय झालं असंही विचारलं नाही, कारण असले अर्ज नेणारे पुष्कळ येऊन गेले होते. पावसाचे दिवस होते. तिनं ओढ्यातले मुठे आणले होते, त्यांचा रस्सा आणि भाकर वाढली. मी खाल्लं. पान पुसून खाल्लं. ती म्हणाली, "आजून वाढू का, दादा?" मी हो म्हणालो.

माफी मात्र राहिलीच. ती ज्याची मागायची तो माणूस नव्हता. तुमच्याकडून तसं राहू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं.

जयभीम.